गुलमंडीच्या गल्ल्यांत भित्तिचित्रं हवीत, की आहे तेच बरं?

गुलमंडीकर (धागाकर्ता)

परवा रविवारी सकाळी साडेसहाला पैठण गेटपासून चालायला सुरुवात केली. टिळक पथ, गुलमंडी, सुपारी हनुमान, तिथून रंगार गल्लीत शिरलो. पुढे मछली खडक, सिटी चौक, जुना बाजार करत भडकल गेट. अंतर फार नाही, पण अडीच तास लागले, कारण दुकानांची शटर्स खाली होती आणि पहिल्यांदाच भिंती दिसत होत्या. एका भिंतीवर हातानं रंगवलेली विडीची जाहिरात. तिचा पोपडा निघालाय आणि आतून त्याहून जुनी अक्षरं डोकावतायत, काही मराठी, काही उर्दू. एका वाड्याच्या दारावर गणपती, दोन बाजूंना केळीचे खांब, खाली 'शुभविवाह' आणि नवरानवरीची नावं. त्या जोडप्याची पोरंही आता लग्नाला आली असतील. कोपऱ्याकोपऱ्यावर सगळ्या धर्मांच्या देवांच्या टाइल्स, कशासाठी लावल्यात ते सांगायला नको.

फेब्रुवारी २०२३ मध्ये डब्ल्यू-२० ची, म्हणजे जी-२० च्या महिला गटाची, बैठक आपल्याकडे झाली तेव्हा मोठ्या रस्त्यांच्या भिंती रंगल्या. छान झालं. पण गाडीतून जाणाऱ्याला ते चित्र किती वेळ दिसतं? तीन सेकंद. चित्र बघायला माणूस पायी असावा लागतो आणि रस्ता अरुंद असावा लागतो. ते दोन्ही या गल्ल्यांत आहे. घरमालकांची परवानगी घेऊन दहा-पंधरा भिंतींवर चित्रं काढली, तर पाहुणे फक्त बीबी का मकबरा आणि वेरूळ बघून परत जाणार नाहीत.

मत द्या. (संभाजीनगर की औरंगाबाद, या नावावरून इथे भांडू नका, त्याला दुसरे धागे आहेत.)

कासारी बाजार

आधी गटार, मग चित्र. पावसाळ्यात या आणि तोच रस्ता परत चाला. भिंत बघायला मान वर केलीत की पाय कशात पडेल ते कळेल.

बीडचे गुरुजी

मी धागाकर्त्याच्या बाजूचा. लेकीकडे मेलबर्नला सहा महिने होतो. तिथे फेडरेशन स्क्वेअरच्या समोर होझियर लेन नावाची गल्ली आहे, खाली काळ्या दगडाची फरशी आणि दोन्ही भिंती जमिनीपासून हात पोचेल तिथपर्यंत रंगलेल्या. मी दर पंधरा दिवसांनी जायचो, दर वेळी वेगळी भिंत. आदल्या खेपेला बघितलेलं चित्र पुढच्या खेपेला दुसऱ्याच चित्राखाली. २०१० मध्ये तिथे बँक्सीसारख्या जगप्रसिद्ध भित्तिचित्रकारानं काढलेला उंदीर सफाईवाल्यांनी नेहमीची घाण समजून रंगवून टाकला होता, हे लेकीनं सांगितलं तेव्हा मी खूप हसलो. गल्ली पुन्हा रंगली. लोक मुद्दाम पायी येतात, चहा-कॉफी घेतात, दुकानं चालतात. आपल्याकडे का होऊ नये?

ओट्यावरची

गुरुजी, नमस्कार. तुमच्या लिहिण्यातच उत्तर आहे. तुम्ही सांगता ती 'लेन' म्हणजे इमारतींची पाठ. माल उतरवायची, कचऱ्याचे डबे ठेवायची जागा. तिथे कुणी भाजी निवडत बसत नाही. आमची गल्ली म्हणजे आमचं अंगण. मी जुन्या शहरात सून म्हणून आले त्याला एकोणीस वर्षं झाली. सकाळी सात वाजता आमच्या ओट्यावर सासूबाई दात घासत असतात, समोरच्या काकू केस विंचरत असतात, पोरं टॉवेल गुंडाळून नळावर असतात. तिथे तुमचे पाहुणे मोबाइल घेऊन उभे राहणार आणि म्हणणार, "ताई, जरा बाजूला होता का, फोटोत येताय."

मी माझ्याच दारात बाजूला का होऊ?

गुलमंडीकर

ताई, हा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता, खरंच. पण मग दिल्लीची लोधी कॉलनी बघा. तिथे २०१५-१६ पासून चित्रं आहेत आणि तिथेही लोक राहतात.

ओट्यावरची

ती सरकारी क्वार्टर्स. रुंद रस्ता, फुटपाथ, झाडं, मोठ्या कोऱ्या भिंती. दार आणि रस्ता यांच्यात अंतर आहे. आमच्याकडे उंबरा ओलांडला की थेट स्कूटर.

लातूरकर_साधा

काय बोलायलात राव तुम्ही! २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं आमच्या गावाला. त्याच्यानंतर जिकडं बघावं तिकडं भिंतीवर एकच चित्र, नळ, नळातून थेंब, थेंबाला डोळे, डोळ्यात पाणी. आता थेंबच रडायला लागला तर आम्ही काय प्यायचं? चित्र काढायचंच असलं तर नळाला पाणी कोणत्या वारी येतंय ते काढा भिंतीवर. माणसं लांबून चालत येतील बघायला.

कासारी बाजार

😂 संभाजीनगरवाल्यांनी यावर हसू नये. आपला वार तरी कुठे नक्की असतो.

हडको_एन_अकरा

मला वेगळं म्हणायचंय. मी बाई आहे आणि मला चालायला आवडतं. जुन्या शहरात मी एकटी पायी फिरले की दर चौकात प्रश्न, "कोण पाहिजे?" प्रश्न वाईट हेतूनं नसतो, पण असतो. बाईमाणसाला गल्लीत नुसतं उभं राहायलासुद्धा कारण लागतं. भिंतीवर चित्र असेल तर ते कारण मिळतं, 'चित्र बघतेय'. ओट्यावरच्या ताईंना त्रास होईल हे पटतं. पण माझ्यासारखीला गल्लीत यायचा हक्क मिळेल हेही खरं. दोघींचा हिशेब कसा लावायचा मला माहीत नाही.

चुनखडी

जुन्या बांधकामांच्या दुरुस्तीचं काम करतो, म्हणून जरा लांब लिहितो, माफ करा.

गुलमंडीच्या परिसरातले वाडे दगड, वीट आणि चुन्याचे. चुन्याची भिंत ओल आत घेते आणि बाहेर सोडते. तिच्यावर प्लास्टिक इमल्शन किंवा ऑइल पेंट मारला की ओल आत कोंडते, भिंतीतले क्षार पृष्ठभागापाशी येऊन फुलतात आणि दोन-तीन पावसाळ्यांत चित्र तर जातंच, बरोबर गिलावाही घेऊन जातं. रस्त्यावरच्या सिमेंटच्या कंपाउंडला हे लागू नाही, तिथे खुशाल रंगवा. शहराचे जुने दरवाजे आणि तट यांना तर ब्रश लावायचाच नाही. भडकल गेट मलिक अंबरनं १६१२ मध्ये बांधला. त्यानंतरची चारशे वर्षं त्याला रंगावाचून काही कमी पडलेलं नाही. आणि परवानगीशिवाय भिंत रंगवणं हा १९९५ च्या विद्रूपीकरण प्रतिबंध कायद्याखाली गुन्हा आहे. 'सुंदर दिसत होतं साहेब' हा बचाव तिथे चालत नाही.

आता भिंतीवरच्या चित्राचं म्हणाल तर अजिंठा आपल्यापासून शंभर किलोमीटरवर आहे आणि आपण उदाहरणं आणतो मेलबर्नची. तिथे दगडावर मातीचा गिलावा आहे, त्यात भाताचं तूस आणि वनस्पतींचे धागे. वर चुन्याचा पातळ हात, तो वाळल्यावर डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी. निळा तेवढा अफगाणिस्तानातल्या दगडाचा. म्हणजे जवळपास सगळं मातीतलं, म्हणून उडालं नाही. आजच्या स्वस्त लाल-गुलाबी रंगांना आपल्या मे महिन्यातल्या पश्चिमेच्या भिंतीवर ठेवा, दोन वर्षांत लालाचा फिका गुलाबी होतो. लोह असलेले मातीरंग टिकतात. हे कुणी ठेक्यात लिहीत नाही.

आणि टिकवण्याच्या नादात काय होतं तेही तिथेच दिसतं. निजामाच्या सरकारनं १९२० च्या सुमारास इटलीहून तज्ज्ञ आणले. त्यांनी पोपडे चिकटवले, ते काम चांगलंच होतं, पण वर शेलॅकचा, म्हणजे लाखेच्या वार्निशचा, थर दिला. तो पिवळा पडला, चित्रं झाकोळली आणि तो काढण्यात पुढच्या पिढ्या गेल्या. चांगल्या हेतूनं मारलेला हातसुद्धा निस्तरावा लागतो.

बीडचे गुरुजी

चुनखडी, माहिती उत्तम. पण त्याच अजिंठ्यात दहाव्या लेण्यात जॉन स्मिथ या गोऱ्या अधिकाऱ्यानं २८ एप्रिल १८१९ ला चित्रावरच स्वतःचं नाव कोरलंय. आजही गाइड ते दाखवतो. तेव्हा भिंत दिसली की नाव लिहायचं ही खोड आपलीच आहे असं नाही!

चुनखडी

गुरुजी, ते दाखवतात ते लाज वाटावी म्हणून.

पैठणचा

माझी तक्रार साधी आहे. मराठवाड्यात कुठेही भिंत रंगवली की वारली का? ती पालघर-ठाण्याच्या आदिवासींची कला, त्यांच्याकडे लग्नात भिंतीवर काढतात, तिचा मान आहेच. पण इथल्या शाळेवर, दवाखान्यावर, पोलीस चौकीवर तेच तारपा वाजवणारे लोक गोल फिरतायत. काढायला सोपं म्हणून. आपल्याकडे पैठण शैलीची चित्रकथी, म्हणजे गोष्ट सांगताना दाखवायची, चित्रं होती. बाजूनं दिसणारे चेहरे, मोठाले डोळे, रामायण-महाभारतातली युद्धं. बघायची तर पुण्याला केळकर संग्रहालयात जावं लागतं. पैठणीच्या पदरावरचे मोर, मुनिया पक्षी, आसावलीची वेल, हिमरू कापडाची वेलबुट्टी, हे सगळं सोडून आम्ही त्रिकोणी माणसं काढतोय.

लातूरकर_साधा

त्रिकोणी माणूस काढणाऱ्याला पण पोट आहे दादा.

पेंटरचा_पोरगा

हो, आणि त्या पोटावर मला बोलायचंय.

माझे वडील पेंटर. १९७८ पासून शहागंजच्या आसपासच्या दुकानांचे बोर्ड, ट्रकच्या पाठी, निवडणुकीच्या भिंती, लग्नघरं. धागाकर्त्यानं जे 'शुभविवाह' पाहिलं तसं त्यांनी शेकड्यांनी रंगवलं. कागदाला सुईनं भोकं पाडून भिंतीवर धरायचा, कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटायची, की ठिपक्यांचा गणपती उमटला. मग दोन बोटांत ब्रश आणि करंगळी भिंतीला टेकलेली. उर्दू अक्षर ते उजवीकडून डावीकडे इतकं झोकात ओढायचे की मौलवीसाहेब थांबून बघायचे. वडिलांना उर्दू वाचता येत नव्हतं.

फ्लेक्स आला आणि सहा महिन्यांत काम बसलं. ज्या भाऊंच्या वाढदिवसाला भिंत रंगायची, त्यांचा चेहरा आता रात्रीत छापून येतो. वडील घराला डिस्टेंपर मारायच्या कामावर गेले.

मध्यंतरी रस्त्यांच्या भिंती रंगवायचं काम निघालं, तेव्हा एका ठेकेदारानं त्यांना बोलावलं. डिझाइन बाहेरून मोबाइलवर आलेलं, ते चौकटी आखून उतरवायचं, रोजंदारीवर. खाली नाव ठेकेदाराचं. वडिलांनी दोन महिने तक्रार केली नाही. मोराची मान मात्र त्यांनी डिझाइनपेक्षा वेगळी काढली. आमच्या घरी सगळ्यांना माहीत आहे कोणता मोर.

तेव्हा चित्रं हवीत की नकोत यावर माझं मत असं काही नाही. काढणार असाल तर कुणाच्या हातानं आणि खाली कुणाचं नाव, एवढंच आधी सांगा.

हडको_एन_अकरा

कोणता मोर?

पेंटरचा_पोरगा

नाही सांगणार. पायी चाला, सापडेल 🙂

कासारी बाजार

मी अजूनही गटारावरच आहे. पण या पोराच्या वडिलांनी आमच्या दुकानाचा जुना बोर्ड रंगवला असण्याची शक्यता आहे. 'भांडी' मधला भ एकदम गलेलठ्ठ, शेपूट खाली वळलेलं. २०११ ला फ्लेक्स लावला, तो पत्रा आत माळ्यावर टाकलाय. फेकला नाही.

पेंटरचा_पोरगा

काका, भ गलेलठ्ठ असेल तर त्यांचाच. फोटो टाका ना.

ओट्यावरची

हे वाचून मी जरा मऊ पडले, पण मत तेच आहे. बाहेरचं कुणी येऊन माझ्या गल्लीला 'कलेची गल्ली' म्हणायचं नाही. लग्नाचा गणपती आमचा होता, कारण लग्न आमचं होतं. तो काढायला पेंटरला आम्ही बोलावलं होतं, चहा आम्ही दिला होता. तुमचं चित्र कुणाचं? ज्याच्या दारात लग्न, बारसं, दुकानाची पन्नाशी, त्यानं बोलवावं आणि त्याला हवं ते काढावं. मग कुणी बघायला आलं तर मी स्वतः सांगेन की हे अमक्याच्या लग्नाचं. पण आधी नकाशा काढून, 'इथे उभे राहून फोटो घ्या' अशी पाटी लावून नको.

बीडचे गुरुजी

मग शहराला काय मिळालं त्यातून?

ओट्यावरची

गुरुजी, शहराला मिळायलाच पाहिजे असं कुठेय?

गुलमंडीकर

आठ दिवसांनी लिहितोय, कारण मधल्या काळात विचारायला गेलो होतो. रंगार गल्लीचं नावच कापड रंगवणाऱ्यांवरून पडलेलं, म्हणून सुरुवात तिथून केली. सात घरं विचारली. चार जणांनी सरळ नाही म्हटलं. एकानं विचारलं, पार्टी कोणती? एक भाऊ वाटणीच्या भांडणात आहेत, भिंत कुणाची हेच कोर्टात आहे.

सातव्या घरी एक आजी होत्या. म्हणाल्या, "नातीचं लग्न आहे दिवाळीनंतर. गणपती काढून देतोस का? पूर्वी काढायचे तसा. त्या बोर्डवाल्या मुलांचा नको, सोंड वाकडी करतात." वर अट घातली की शेजारची मूळव्याध-भगंदराची जाहिरात आधी पुसायची, लग्नाच्या फोटोत ती येता कामा नये. भिंत चुन्याची आहे, चुनखडी साहेब, काय लावायचं ते सांगा.

दहा-पंधरा भिंतींचं मी सध्या मागे घेतो. पाहुणे यावेत हे मात्र मला अजून वाटतं, त्यावर ताईंशी भांडण चालू राहील.

@पेंटरचा_पोरगा, वडील येतील का? मजुरी आजी देणार आहेत, मी नाही. त्यांनी हे दोनदा बजावलंय.

चुनखडी

चुन्याचाच हात द्या, त्यात गेरू आणि पिवळी माती. बाजारातला चकचकीत लाल नको. भिंत आदल्या रात्री भिजवून ठेवा.

पेंटरचा_पोरगा

विचारलं. म्हणाले, हात थरथरतो आता, पण गणपती थरथरत्या हातानं पण येतो. खाली नाव टाकू का असं विचारत होते. मी म्हटलं टाका.

शिडी आहे का तिकडे?

ओट्यावरची

आमच्याकडे आहे. खालून तिसरी पायरी मोडलीय, सांगून ठेवते.