इसहाकाची विनवणी: हिब्रू ‘आतर’ आणि आपलं ‘अत्तर’ एकच का?

सोनचाफा
आमच्या चर्चच्या बुधवारच्या वर्गात बायबलातल्या उत्पत्तीचा 25वा अध्याय चाललाय. 21व्या वचनात इसहाक मूल होत नसलेल्या बायकोसाठी, रिबकेसाठी, देवाला विनवतो. तिथं हिब्रूत प्रार्थनेचा नेहमीचा शब्द नसून ‘आतर’ हा विरळा धातू आहे, असं एका टीपेत वाचलं. मी ते वर्गात सांगितलं मात्र, एक दादा लगेच म्हणाले, “हा तर आपल्या अत्तराचाच शब्द! प्रार्थना सुवासासारखी वर जाते. यहेज्केल 8:11 मध्ये धुपाच्या ढगालाही हाच शब्द आहे.” सगळ्यांना हे फार आवडलं. पुढच्या बुधवारी बोलायची पाळी माझी आहे. हिब्रू येणाऱ्या कुणी सांगाल का, हे सांगण्याजोगं आहे का?

जुना पोथीवाला
ताई, अत्तराची कुपी घरीच ठेवा.

अत्तर आलं अरबी ‘इत्र’वरून, फारसीच्या वाटेनं. त्यातला ‘त’ म्हणजे अरबीतला जड त, उर्दू वाचणारे ज्याला ‘तोय’ म्हणतात तो. हिब्रूत त्याच्या जोडीचं अक्षर ‘तेत’. इसहाकाच्या क्रियापदात आहे ‘ताव’, साधा त. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून दादा फसले. या धातूचा अरबी सोयरा वेगळाच आहे: ‘अतीरा’, म्हणजे इस्लामपूर्व अरबस्तानात रजब महिन्यात दिला जाणारा बळी. त्यावरून कोशकार म्हणतात, की मुळात बळी देऊन मागणं असा अर्थ असावा. मला ते पटतं. 2 शमुवेल 24:25 उघडा. दावीद अरवना यबूसीच्या खळ्यावर वेदी बांधतो, होमबली अर्पण करतो आणि लगेच हेच क्रियापद येतं: देव देशासाठी विनवला गेला.

‘विनवला गेला’ हे मराठी कानाला खटकेल, पण वर्गात सांगायची गोष्ट हीच. उत्पत्ती 25:21 मध्ये धातू दोनदा आलाय. आधी ‘व्हय्येतर’, इसहाकानं विनवलं. मग ‘व्हय्येआतेर’, देव त्याला विनवला गेला. मागणं आणि मानणं एकाच धातूतून. आपल्याला दोन क्रियापदं घ्यावी लागतात आणि ती जोड तुटते. लग्नाच्या वेळी इसहाक 40 वर्षांचा आणि मुलं झाली तेव्हा 60 (वचनं 20 आणि 26), हेही शेजारीच लिहिलंय. एका संध्याकाळचं मागणं नव्हतं ते.

राशी, 11व्या शतकातला फ्रान्समधला ज्यू भाष्यकार, इथं म्हणतो की हा शब्द जिथं येईल तिथं आग्रह आणि रेलचेल असा अर्थ घ्यायचा. इसहाकानं पुष्कळ मागितलं, पिच्छा पुरवला. देवावर गळ पडली, तो राजी झाला. इसहाक एका कोपऱ्यात उभा, रिबका दुसऱ्या कोपऱ्यात, असंही तो सांगतो. पुराव्याला धुपाचा दाट ढग, नीतिसूत्रे 27:6 मधली वैऱ्याची भरमसाट चुंबनं, यहेज्केल 35:13 मधली वाढवलेली बोलणी. आजचे कोश हे सगळं एका धातूत कोंबत नाहीत. 35:13 मधलं क्रियापद अरामी वळणाचं, हिब्रू ‘आशर’ म्हणजे श्रीमंत होणं याचं भावंड मानतात. मला राशीचं वाचन आवडतं, पण व्युत्पत्ती म्हणून मी ते मांडणार नाही.

तल्मूदात, म्हणजे ज्यूंच्या धर्मचर्चेच्या जुन्या ग्रंथात (यवामोत 64अ), आणखी एक आहे. ‘एतेर’ म्हणजे खळ्यावरचं दाताळं. ते धान्य खालवर करतं, तशी नीतिमानाची प्रार्थना देवाचं मन कठोरपणाकडून दयेकडे वळवते. हा शब्दाचा खेळ आहे, पण अत्तरापेक्षा शंभर पटींनी बरा.

आणि दादांना यहेज्केल 8:12 वाचायला सांगा. तो धूप 70 वडीलधारी मंदिरातल्या अंधारात मूर्तींपुढे जाळतायत आणि म्हणतायत, परमेश्वर आपल्याला पाहत नाही. इसहाकाच्या प्रार्थनेला हा दाखला? 8:11 मधल्या ढगाच्या त्या शब्दाचं नातं अरामीतल्या धुराशी जोडणारे अभ्यासक आहेत, पण ते त्या वचनापुरतं.

लोदकर
पोथीवाले काका, इस्राएलात हा शब्द रोज बातम्यांत असतो. सरकारी खात्याविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला की ती ‘अतिरा’, करणारा ‘ओतेर’. माझे आजोबा पेणचे, बेने इस्राएल म्हणजे कोकणातले ज्यू; घरात मराठी, बाहेर हिब्रू, त्यामुळे मी हा शब्द आधी कोर्टाचा म्हणूनच शिकलो आणि तोरात, म्हणजे मोशेच्या पाच ग्रंथांत, इसहाक भेटल्यावर हसूच आलं. आम्हा ज्यूंच्या रोजच्या उपासनेतली ‘तहनून’ नावाची विनवणी, तिचा शब्द वेगळा, ते ‘हेन’ म्हणजे कृपा यावरून. शब्बाथला ते म्हणत नाहीत.

जुना पोथीवाला
वा! तहनून म्हणणारा आपला हक्क सांगत नाही, दया मागतो. ‘आतर’मध्ये नेट आहे. म्हणूनच निर्गमात मिसरच्या राजाच्या, फारोच्या, तोंडी तो देवानं पाठवलेल्या चार पीडांत येतो: बेडूक, गोमाशा, गारा, टोळ. दर वेळी मोशे-अहरोनाला ‘हातिरू’, तुम्ही विनवा. स्वतः एकदाही नाही. गंमत म्हणजे मोशे काय करतो ते सांगताना ग्रंथकार हा धातू फक्त गोमाशा आणि टोळ यांना वापरतो. बेडकांच्या वेळी मोशे आक्रोश करतो, गारांच्या वेळी हात पसरतो.

सोनचाफा
काका, लोदकर, आभार! आता कळलं काय बोलायचं. एकच राहिलं: सफन्या 3:10 मध्ये ‘माझे विनवणारे’ आहे, तेही हेच का?

जुना पोथीवाला
धातू बहुधा हाच, पण ‘अताराय’ हे रूप अख्ख्या हिब्रू बायबलात तिथं एकदाच येतं. त्याला लागून ‘बत-पुत्साय’. कुणी त्याचा अर्थ ‘माझ्या विखुरलेल्यांची कन्या’ करतात, कुणी ते विशेषनाम मानतात. कूशच्या नद्यांपलीकडून, म्हणजे नाईलच्या वरच्या अंगाकडून, हे लोक अर्पण घेऊन येणार, इतकं पक्कं. तुमच्या बुधवारला ते घेऊ नका, वेळ पुरणार नाही. त्याऐवजी शास्ते 13:8 घ्या: मानोहा, मूल कसं वाढवायचं ते शिकव म्हणून विनवतो आणि पुढच्याच वचनात देव ऐकतो. पण तिथलं ‘ऐकणं’ साधं ‘शामा’ आहे, ‘आतर’ नाही. इसहाकासारखी जोडी तिथं लावू नका.