बाबांना घेऊन ग्रेट अ‍ॅलेगेनी पॅसेज: मायर्सडेल ते कंबरलंड जमेल का?

अ‍ॅशबर्नकर

नमस्कार मंडळी. मी व्हर्जिनियात अ‍ॅशबर्नला राहतो. घरामागूनच डब्ल्यू अँड ओडी ट्रेल जातो. जुन्या रेल्वेच्या जागेवर केलेली ही 45 मैलांची डांबरी वाट. सप्टेंबरात बाबा सांगलीहून येताहेत, वय 67. मंडईत अजून अ‍ॅटलस सायकलवरच जातात, दोन पिशव्या हँडलला लावून. गेल्या खेपेला डब्ल्यू अँड ओडीवर त्यांना फार आवडलं, पण गर्दीला बिचकले. या वेळी त्यांना ग्रेट अ‍ॅलेगेनी पॅसेजचा, म्हणजे पिट्सबर्ग ते कंबरलंड या जुन्या रेल्वेच्या जागेवरच्या सायकलवाटेचा, डोंगरातला एक दिवसाचा तुकडा दाखवायचा आहे. चढ किती? लांब बोगद्यात भीती वाटते का? खडीवर सायकल घसरते का? वयस्कर माणसाला घेऊन कुणी गेलं असेल तर सांगा.

रेल्वे_क्वार्टर

जरूर न्या. आम्ही हाच तुकडा केला, मायर्सडेल ते कंबरलंड, 32 मैल. माझे बाबा तेव्हा 69 वर्षांचे होते. सविस्तर लिहिते, कारण काही गोष्टी मला आधी कळायला हव्या होत्या.

आधी चढाचं. बाबा इगतपुरीला रेल्वेत होते, लाइनीवर. कसाऱ्याहून बँकर, म्हणजे मागून ढकलणारं जादा इंजिन, लावून गाड्या वर येताना ऐकतच मी मोठी झाले. तो घाट 1:37 चा, म्हणजे सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. या वाटेवरचा सगळ्यात तीव्र उतार पावणेदोन टक्के, बाबांच्या हिशेबात 1:57. आगगाडीसाठी कापलेली वाट, त्यामुळे डोंगर कितीही मोठा असला तरी चढ अंगावर येत नाही. मायर्सडेलपासून माथ्यापर्यंतचे आठ मैल चढाचे आहेत, पण तो चढ डोळ्यांना दिसत नाही, मांड्यांना कळतो. पॅडल सोडलं की सायकल मंदावते, मध्ये उसंत मिळत नाही. म्हणून दर दोन मैलांनी उतरा, पाय मोकळे करा, मग पुढे. गुडघ्यांपेक्षा बैठकीलाच जास्त त्रास होतो.

माथा 2,392 फुटांवर. इथून एका बाजूचं पाणी मिसिसिपीकडे जातं, दुसऱ्या बाजूचं चेसापीक उपसागराकडे. तिथे सगळ्या वाटेच्या चढउताराचा आलेख लावला आहे. पिट्सबर्गपासून लांबच लांब हळूहळू चढणारी रेघ आणि कंबरलंडच्या बाजूला एकदम उतरणारी. बाबा त्यावर बोट ठेवून हळूहळू सरकवत राहिले. आपल्याकडे चढ बदलला की रुळाशेजारी दोन हातांची पाटी असते, तशी इथे कुठे राहिली आहे का, हे ते पुढे दिवसभर शोधत होते.

मग येतो बिग सॅव्हेज बोगदा, 3,294 फूट, म्हणजे जवळजवळ एक किलोमीटर. आत दिवे आहेत, भीती वाटत नाही, पण गारठा भरतो. चढून घामेजलेलं अंग आणि त्यात एकदम थंड हवा, म्हणून बोगद्याच्या तोंडाशीच स्वेटर घाला. बाहेर पडलात की समोर अख्खी दरी उघडते, तिथे घाई करू नका. आम्ही तिथेच बसून दशम्या आणि लसणाची चटणी खाल्ली. पुढचा बॉर्डन बोगदा छोटा असला तरी आत अंधार असतो, सायकलला दिवा हवाच. आणि हिवाळ्यात बिग सॅव्हेजची दारं बंद करतात, त्यामुळे नोव्हेंबर संपायच्या आत जा. ऑक्टोबर सगळ्यात सुंदर.

आता मुख्य गोष्ट. ब्रेक. आपल्याकडे पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, अमेरिकेत डाव्या. बाबांना पन्नास वर्षांची सवय, डावा हात दाबला की मागचं चाक थांबणार. भाड्याच्या दुकानात कुणी हे सांगितलं नाही आणि माझ्याही डोक्यात आलं नाही. फ्रॉस्टबर्गच्या अलीकडे कुत्रा आडवा आला, त्यांनी डावा ब्रेक करकचून आवळला. पुढचं चाक जागच्या जागी अडकलं आणि ते बारीक खडीवर आडवे. कोपर सोलवटलं, तळहातात खडी रुतली. मी चिमट्याने एकेक कण काढत होते आणि ते मलाच समजावत होते, ‘अगं, लाइनीवर यापेक्षा जास्त लागायचं.’ मला अजून वाईट वाटतं. तुम्ही दुकानातच केबल अदलाबदल करून मागा. नाही म्हणाले तर आदल्या दिवशी रिकाम्या पार्किंगमध्ये तासभर सराव करून घ्या.

खडी म्हणाल तर चुनखडीची बारीक दाबलेली भुकटी आहे, सुकी असेल तर घसरत नाही. पावसानंतर मात्र चेनला लगदा चिकटतो.

शेवटची गोष्ट माझ्या फार जवळची आहे. फ्रॉस्टबर्गपासून खाली कंबरलंडपर्यंत वाटेच्या बाजूने पर्यटकांची आगगाडी धावते. काही दिवशी तिला वाफेचं इंजिन असतं, 1309 नंबरचं, 1949 साली बाल्डविन कंपनीने बांधलेलं. खाली ब्रश बोगद्यात रूळ आणि सायकलची वाट शेजारी शेजारी आहेत, त्यामुळे गाडीचा आवाज आला तर आत शिरू नका. आम्ही बाहेर असतानाच शिटी ऐकू आली. बाबा उतरले, सायकल पलीकडच्या कडेला लावली आणि ताठ उभे राहिले. इंजिन गेलं, सगळे हात हलवत होते. बाबा हलले नाहीत. शेवटचा डबा जाईपर्यंत ते चाकांकडे बघत होते, एकेक करून. जाणाऱ्या गाडीचा आस तापलाय का, काही लोंबकळतंय का, हे बघायची लाइनीवरच्या माणसाची सवय. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती. गाडी गेल्यावर म्हणाले, ‘ठीक आहे.’

पोटोमॅककाठ

वरचं सगळं पटलं. एक सुचवतो, आधी सरावाला पोटोमॅक नदीलगतच्या जुन्या सी अँड ओ कालव्याच्या काठाने जा. पॉइंट ऑफ रॉक्स ते हार्पर्स फेरी साधारण साडेबारा मैल, सपाट, झाडांची सावली, एका हाताला नदी. मध्ये ब्रन्सविक लागतं, तेही रेल्वेचंच गाव. फक्त हार्पर्स फेरीच्या पुलावर चढायला जिना आहे, सायकल उचलावी लागते. ती बाबांना उचलू देऊ नका. पाऊस झाला असेल तर दोन दिवस थांबा, चिखल होतो.

अ‍ॅशबर्नकर

ब्रेकचं माझ्या अजिबात लक्षात आलं नसतं, खूप आभार. आणखी एक अडचण. मागून कुणी ‘ऑन युअर लेफ्ट’, म्हणजे ‘तुमच्या डावीकडून पुढे जातोय’, म्हणालं की बाबा डावीकडेच सरकतात. डाव्या बाजूने चालवायची जन्माची सवय, त्यात कानावर ‘लेफ्ट’ पडतं. दोनदा थोडक्यात वाचले.

रेल्वे_क्वार्टर

आमच्याकडेही हेच झालं. नुसतं समजावून उपयोग होत नाही, आणीबाणीत सवयच जिंकते. मी बाबांच्या मागे राहायचे, थोडी डावीकडे, म्हणजे मागून येणारा आधी माझ्याजवळ पोचायचा. मग मी मराठीत ओरडायचे, ‘बाबा, उजवीकडेच राहा!’ त्या वाटेवर डब्ल्यू अँड ओडीसारखी गर्दी नाही, आठवड्याच्या मधल्या वारी गेलात तर मैलोन्मैल तुम्ही दोघंच असाल.

सायकलची उंची कमी ठेवून घ्या, थांबल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. दुकानदार सीट वर घ्यायला सांगेल, तुम्ही बाबांचं ऐका. आणि कंबरलंडला गाडी लावून सकाळी व्हॅनने मायर्सडेलला जा, म्हणजे दिवसाच्या शेवटी स्वतःच्या गाडीपाशीच उतराल. थर्मास त्याच गाडीत ठेवा.