बाल्कनीतली चमकणारी काळी धूळ नक्की कुठली? (बजेट ३०००)

तिसरा_मजला: कोल्हापूर, शिरोली एमआयडीसीपासून जवळच. सकाळी फरशी पुसली तरी संध्याकाळी पाय काळे. उन्हात धूळ चमचमते. एका बाजूला फौंड्र्या (धातू ओतायचे कारखाने), दुसरीकडे पुणे-बेंगळुरू हायवे, खाली गल्लीत खिडक्यांच्या लोखंडी ग्रिल बनवणारा ग्रिलवाला. सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात. धूळ कुणाची हे शोधायला काय घेऊ? ३००० च्या वर एक रुपया नाही.

गारवा_हवा: एअर प्युरिफायर घ्या. मी १८ हजारांचा घेतला, मुलाचा खोकला गेला. पैसे वसूल.

तिसरा_मजला: धूळ बाल्कनीत आहे हो. आणि १८ हजार?

गारवा_हवा: ईएमआय असतो.

भट्टीकर: २२ वर्षं फौंड्रीत काढली, माझं ऐक भावा. पैसे घालवू नकोस. जुन्या स्पीकरचा चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घाल आणि धुळीवरून फिरव. चुंबक पिशवीतून बाहेर काढला की चिकटलेलं आपोआप सुटतं. चिकटलं ते बहुधा लोखंड. पण जे लई चमकतंय ते बहुतेक चिकटणारच नाही. बीडाचा (ओतीव लोखंडाचा) रस ओतताना, थंड होताना ग्राफाइटच्या पापड्या उडतात. बोटावर घास, शिसपेन्सिलीसारखं काळं फरफटलं तर ती पापडी बहुधा भट्टीचीच.

चिंताग्रस्त_आई: शिसपेन्सिलीसारखं?? म्हणजे शिसं आहे हवेत! मुलांची रक्ततपासणी करून घ्या.

ऱ्हस्वदीर्घ: शिसपेन्सिलीत शिसं नसतं. ग्राफाइट असतं, नाव जुन्या गैरसमजातून पडलंय. आणि ‘शिसपेन्सिल’ एकच शब्द, तोडू नये.

भट्टीकर: तोडला कुणी?

बॉनेट: आमचंही ऐका. पांढरी गाडी घेतली, दोन महिन्यांत बॉनेटवर तांबूस ठिपके. शोरूमवाला म्हणे झाडाचा चीक. शेवटी डिटेलिंगवाल्याने क्ले बार (रंगावरची घाण ओढून काढणारी मऊ वडी) फिरवला तेव्हा निघाले. लोखंडाचे कण, दव पडलं की गंजतात. परत कधी पांढरी घेणार नाही.

फिल्टरपेपर: प्रयोगशाळेत काम करते, म्हणून दोन गोष्टी. पीएम मीटर (हवेतले बारीक कण मोजणारं यंत्र) घेऊ नका. तो प्रकाश टाकून कण मोजतो, कण लोखंडाचा की उदबत्तीचा त्याला कळत नाही. फोडणी टाकली तरी आकडा उडतो. नुसतं लोखंड सापडूनही उपयोग नाही, कारण ब्रेकची डिस्क आणि ड्रमसुद्धा बहुधा बीडाचेच. सोबत काय सापडतं ते बघतात: अँटिमनी, बेरियम, तांबं एकत्र आले तर ब्रेकचा संशय, जस्त फार असेल तर गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा मुलामा दिलेलं) भंगार वितळवणारे, टायरची झीजही, शिसं असेल तर बॅटरी फोडणारे. आणि दिवाळीच्या आसपासचा नमुना घेऊ नका, हिरवा उजेड पाडणाऱ्या फटाक्यांत बेरियम असू शकतं. हवेच्या २००९ च्या राष्ट्रीय मानकात शिसं वर्षाला सरासरी ०.५ मायक्रोग्रॅम, निकेल २० नॅनोग्रॅम प्रति घनमीटर, पण ते हवेला. फरशीवरच्या धुळीला लावता येत नाही.

गारवा_हवा: म्हणजे हवाच शुद्ध करायला हवी. हेच तर मी सांगतोय.

ओरेगॉनहून: अमेरिकेत आमच्या पोर्टलंडमध्ये शेवाळातून शोधलं होतं. वनखात्याच्या शास्त्रज्ञांनी २०१३ च्या डिसेंबरात ३४६ ठिकाणच्या झाडांवरचं शेवाळ तपासलं. शेवाळाला मुळं नसतात, जे येतं ते बरंचसं हवेतून. कॅडमियम हा विषारी धातू रंगीत काचेच्या कारखान्याभोवती दाट निघाला, तोवर तिकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

भट्टीकर: आमच्याकडे शेवाळ पावसाळ्यात, तेही कठड्यावर.

फिल्टरपेपर: कठड्यावरचं नको, त्यात सिमेंट-माती येते. स्वस्तातला उपाय: चार पांढरी कार्डं, पेट्रोलियम जेलीचा पातळ थर, चार दिशांना. वर तारीख, वेळ, वारा कुठून ते लिहा. दिवसाचं वेगळं, रात्रीचं वेगळं, कारखान्यांच्या सुट्टीच्या दिवशीचं वेगळं. मग भिंगाखाली बघा.

बॉनेट: चुंबक फिरवून बघा आधी.

भट्टीकर: मीच सांगितलं ना वर.

तिसरा_मजला: पाच दिवस कार्डं लावली. एमआयडीसीकडच्या कार्डावर पापड्या, बोटाला काळं लागतं, रात्री जास्त. पण गल्लीकडच्या कार्डावर बारीक गोल दाणे, तेही दुपारी ४ नंतरच. ग्रिलवाला कटिंग व्हील तेव्हाच लावतो. दाणे चुंबकाला पटकन चिकटतात. हायवेकडचं कार्ड नुसतं करडं, त्यात मला काही ओळखू येत नाही.

भट्टीकर: गोल दाणे म्हणजे ठिणग्या विझून झालेले. बघ, ग्रिलवाला सापडला.

फिल्टरपेपर: छान. कार्डं फेकू नका, फोटो काढून ठेवा. प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे अर्ज करताना सोबत जोडा.

तिसरा_मजला: सोसायटीच्या मीटिंगला नेली होती कार्डं. सेक्रेटरीकाका म्हणाले, “हे काय, मुलाचा प्रोजेक्ट का?” म्हणून २८०० चा पीएम मीटर मागवला. धातू कळत नाही ते माहितीय, पण पडद्यावर लाल आकडा दिसला की हे लोक गप्प बसतात.

फिल्टरपेपर: मी नको म्हटलं होतं.

तिसरा_मजला: हो. आत्ता १८७ दाखवतोय. शेजारी बेसन भाजतायत.

गारवा_हवा: १८७? मॉडेलची लिंक पाठवू का?