मदत हवी आहे: जेसीबीची पिळवटलेली बकेट घरच्या शेडमध्ये सरळ होईल का?

मंडळी, नाशिकजवळ आडगावला घराला लागूनच माझी वेल्डिंगची छोटी शेड आहे. शेततळं खोदताना काळ्या पाषाणात अडकून शेजारच्या दादांच्या जेसीबीची मागची बकेट पिळवटली. एक साइड प्लेट आत दबलीय आणि दातांच्या पट्टीला तडा गेलाय. द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीच्या आधी तळं उरकायचं म्हणून घाई.

20 टनी बॉटल जॅक, गॅस सेट आणि आय-बीमची चौकट आहे. साइड प्लेटची चिंता नाही, ती तापवून जॅकने रेटता येईल. डोकं खातेय ती पुढची दातांची पट्टी. ती कडक पोलादाची. लाल केली की कडकपणा गेला, आणि गारच रेटली तर तडा वाढायची धास्ती. तड्याच्या टोकांना भोक पाडून, ग्राइंड करून, सुकवलेल्या 7018 वेल्डिंग रॉडने भरायचा विचार आहे. वेल्डिंगआधी पट्टी किती तापवू? की पट्टी कापून नवीनच लावू?

आणखी एक, बकेट ज्या पिनांवर बसते त्यांची भोकं एका रेषेत नसतील तर जाग्यावर येऊन ती भोकं बोअरिंग करून सरळ करणारं अंबड-सातपूर एमआयडीसीकडे कुणी आहे का? स्वतः केलेलं असेल तेच सांगा, यूट्यूब पाहून झालंय.