सावली उचलणारा आनंद आणि गाठीत शब्द जपणारी मृणाल : मैत्रीचे प्रेमात रूपांतर कुठे आणि कसे दाखवावे?

कडुनिंबाखाली

नमस्कार. गेली दोन वर्षे मी एक कादंबरी लिहीत आहे आणि एका जागी येऊन पुरती अडकले आहे, म्हणून इथल्या लिहित्या आणि वाचत्या मंडळींचा सल्ला हवा आहे. कादंबरी अद्भुत असली तरी तिच्यात राजा, राक्षस किंवा युद्ध नाही. ज्याला हल्ली कोझी फँटसी म्हणतात त्या जातीची, घरगुती उबेची ही प्रेमकथा आहे आणि ती सगळी नागपुरात, महाल आणि इतवारीच्या गल्ल्यांमध्ये घडते.

आनंद आणि मृणाल आठव्या वर्षापासूनचे मित्र आहेत. आता दोघेही चौतिशीचे आहेत. आनंदचे कूलर दुरुस्तीचे दुकान आहे. मार्च संपता संपता घरोघरी जाऊन कूलरचे जुने गवत काढायचे, जाळ्या घासायच्या, नवे गवत किंवा वाळ्याची ताटी बसवायची, हे त्याचे काम. त्याला जमिनीवर पडलेली सावली चादरीसारखी कडेने उचलता येते, घडी करून काखेत मारता येते आणि दुसरीकडे अंथरता येते. सूर्य मावळला की ती आपोआप मूळ जागी परत जाते. तोवर मूळ जागा उन्हात राहते. कडुनिंबाची सावली हलकी आणि ठिपक्यांची असते, जुन्या वाड्याच्या भिंतीची जड असते आणि तिला चुन्याचा वास येतो.

मृणालच्या घरी माग आहे. ती दोऱ्याला गाठ मारताना जे बोलले जाते ते त्या गाठीत राहते आणि गाठ सोडली की त्याच आवाजात एकदाच ऐकू येते. सुरगाठ कोणालाही सोडता येते. निरगाठ मात्र कापावी लागते आणि कापली की आतले शब्द कायमचे जातात. तिच्या खोलीत खुंटीवर सव्वीस वर्षांच्या गाठींची एक लांब दोरी टांगलेली आहे.

अडचण अशी की मसुदा वाचलेल्या चारही जणांनी मला एकच प्रश्न विचारला : हे दोघे इतकी वर्षे बोलले का नाहीत? उत्तर म्हणून मी मध्ये एक हरवलेले पत्र घातले, नंतर मृणालसाठी बाहेरगावचे एक स्थळ आणले. दोन्ही मला खोटे वाटले आणि मी ती प्रकरणे काढून टाकली. आता गैरसमज नाही, खलनायक नाही, घरच्यांचा विरोधही नाही. मग ही कथा पुढे कशाच्या जोरावर सरकावी? आणि शेवटचा उलगडा जादूने करावा की करू नये?

वाड्यातला जिना

आपण ती दोन प्रकरणे काढलीत, हे फार चांगले केलेत. लहानपणापासूनच्या मित्रांची प्रेमकथा गैरसमजावर उभी केली की वाचकाला पहिला प्रश्न पडतो, की सव्वीस वर्षे एकमेकांना ओळखणारी माणसे एका पत्राने कशी फसतात. ती बोलली नाहीत याचे कारण माझ्या मते अगदी साधे आहे. न बोलताच त्यांना जवळजवळ सगळे मिळत होते. रोजचा चहा एकत्र होता, आजारपणात धावून येणारे माणूस होते, मनातले सांगायला जागा होती. अशा वेळी बोलणे म्हणजे हातातली भरलेली परडी खाली ठेवून दुसऱ्या परडीसाठी हात पसरणे. पहिली परडी परत उचलता येईल याची हमी कोणी देत नाही. ही भीती खरी आहे, ती दोघांनाही सारखीच आहे आणि तिच्यासाठी कोणाला वाईट ठरवावे लागत नाही.

मात्र ही भीती संवादात सांगू नका, ती सवयीतून दिसू द्या. आपण दिलेल्या माहितीतच मला एक जागा दिसते. सावली नेली की मूळ जागा उन्हात राहते, असा आपला नियम आहे. आनंद मृणालसाठी सावली आणत असणारच, कारण सुताला खळ लावून ताणा, म्हणजे मागाचे उभे सूत, गल्लीत पसरला की माणसाला त्याच्याजवळ तासन् तास राहावे लागते. मग ती सावली तो कुठून आणतो? मला वाटते, ती त्याच्याच दुकानासमोरच्या कडुनिंबाची असावी. दुकान पश्चिमेकडे तोंड करून आहे असे धरा. दुपार कलली की कडुनिंबाची सावली नेमकी दुकानाच्या ओट्यावर येते आणि ती येताच तो उचलून महालात नेतो. परत आला की भर मे महिन्यातला उरलेला दिवस तापलेल्या पत्र्याखाली बसून इतरांचे कूलर दुरुस्त करतो. असे त्याने किती उन्हाळे केले हे त्याने मोजलेलेही नाही. मृणालने आजवर विचारलेलेच नाही, कारण ज्या वेळी सावली तिच्याकडे असते त्या वेळी ती दुकानाकडे कशाला जाईल?

ज्या दिवशी ती भर दुपारी काही कारणाने दुकानापाशी येते आणि समोर हिरवेगार झाड असूनही खाली सावलीचा एक ठिपकाही नाही हे पाहते, तो आपल्या कादंबरीचा वळणबिंदू आहे. तिथे एकही वाक्य बोलायची गरज नाही. ओट्यावर ठेवलेला स्क्रू-ड्रायव्हर तिने उचलावा, तो हाताला चटका देईल इतका तापलेला असावा, एवढे पुरे आहे.

शून्यसावली

मला खगोलाची आवड आहे आणि आपल्या नायकाचे काम वाचल्यापासून एकच गोष्ट मनात घोळते आहे. नागपूर साधारण २१.१ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. त्यामुळे वर्षातून दोनदा सूर्य आपल्या अगदी डोक्यावर येतो : २६ मेच्या सुमारास आणि पुन्हा १७ जुलैच्या सुमारास. मेमधल्या त्या दिवशी दुपारी साधारण १२ वाजून १० मिनिटांनी सरळ उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. ऐन नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू असतो. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदवले गेले होते, यावरून त्या आठवड्यातल्या उन्हाची कल्पना करावी. सावली उचलणाऱ्या माणसाच्या आयुष्यात या दिवसाचा उल्लेखही नसेल तर जाणत्या वाचकाला चुकल्यासारखे वाटेल.

एक सावधगिरी मात्र घ्या. शून्य सावलीच्या क्षणी सगळ्याच सावल्या नष्ट होतात असे अनेक जण समजतात, ते बरोबर नाही. सावली वस्तूच्या थेट खाली जाते. खांबाची खांबाखाली जाते म्हणून दिसत नाही. झाडाची मात्र बुंध्याभोवती गोल गोळा होते आणि चांगली दाट असते. तेव्हा कडुनिंबाखाली सावली नव्हती असे त्या क्षणापुरते लिहू नका. उलट आपण असा नियम करू शकता, की जी सावली आपल्या मालकाच्या पायाखाली आहे ती उचलता येत नाही, कारण मालकच तिच्यावर उभा असतो.

आणखी एक बारकावा उपयोगी पडेल. २६ मे ते १७ जुलै या सुमारे सात आठवड्यांत सूर्य माध्यान्ही आपल्या किंचित उत्तरेला असतो, म्हणून त्या काळात माध्यान्हीची सावली दक्षिणेला पडते. वर्षाच्या उरलेल्या दिवसांत ती उत्तरेला पडते. फरक फार थोडा असतो. दहा फुटी भिंतीची माध्यान्हीची सावली जूनच्या अखेरीसही पाच इंचांच्या आतच राहते. पण सावलीवर पोट नसले तरी जीव असलेल्या आनंदला ती पाच इंचांची पट्टी नक्की ठाऊक असेल.

काटोलची बाग

मी लेखक नाही. काटोलकडे आमची संत्र्याची बाग आहे आणि कादंबऱ्या वाचण्याची जुनी आवड आहे. आपला प्रश्न वाचून मला आमच्याकडचा ताण आठवला. संत्र्याच्या झाडाला वर्षभर भरपूर पाणी दिले तर ते हिरवे राहते, पण हवा तसा बहर येत नाही. बहर धरायचा असेल तर आधी पाणी तोडावे लागते. आंबिया म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी येणाऱ्या बहरासाठी डिसेंबरच्या सुमारास आणि मृग म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या बहरासाठी उन्हाळ्यात बागेला ताणावर सोडतात, म्हणजे तिचे पाणी तोडतात. हलक्या जमिनीत कमी दिवस आणि भारी जमिनीत जास्त दिवस लागतात. पाने किंचित मलूल होतात, काही गळतात. मग पाणी सुरू केले की काही दिवसांत अख्खी बाग पांढऱ्या फुलांनी भरून जाते आणि वास थेट रस्त्यापर्यंत येतो. ताण कमी पडला तर फूल नाही. जास्त झाला तर झाड वाळते.

आपल्या दोघांच्या मैत्रीला सव्वीस वर्षे रोज पाणी मिळाले आहे. त्यांच्यात भांडण लावण्याची गरज नाही, फक्त थोडे दिवस पाणी तोडा. आनंदला हंगामात कामासाठी महिनाभर बाहेरगावी जावे लागले, किंवा मृणालच्या घरी मोठ्या साडीची ऑर्डर आली आणि ती मागावरून उठूच शकली नाही, एवढेही चालेल. राग नाही, अबोला नाही, फक्त सवय मोडली आहे. चार वाजता चहाचे आधण ठेवताना हात आपोआप दोन कपांचे पाणी घेतो आणि मग लक्षात येते. ताण किती दिवसांचा द्यायचा हे आपल्या जमिनीवरून आपणच ठरवावे. आम्हीही पानांकडे पाहूनच ठरवतो.

अनाम वाचक

वरचे सगळे पटले, तरी गाठींबद्दल माझा स्पष्ट विरोध नोंदवते. मला धास्ती आहे ती अशी, की शेवटी मृणालची एखादी जुनी गाठ सुटेल, तिच्यातून सोळाव्या वर्षीचा आवाज बाहेर येईल, "मला तू आवडतोस" असे म्हणेल आणि प्रश्न सुटेल. कृपया असे करू नका. तो आवाज सोळा वर्षांच्या मुलीचा आहे. आनंदसमोर चौतीस वर्षांची बाई उभी आहे आणि तिने ते आजच्या तोंडाने बोलायला हवे. जादूने दोघांना उभे करावे, बोलायचे काम माणसांचे.

दुसरे, त्यांची बोली सांभाळा. निवेदन प्रमाण मराठीत असू द्या, परंतु नागपुरातली बालमित्र-मैत्रीण एकमेकांशी "तू काय करीत आहेस?" असे बोलणार नाहीत, ती "काय करून राहिलीस?" आणि "काहून आली नाहीस?" असेच म्हणतील. प्रेम जमल्यावर त्यांना एकाएकी पुस्तकी बोलायला लावू नका. इतक्या वर्षांचा तो "काहून" तसाच राहिला पाहिजे, फक्त तो म्हणताना आवाज बदलावा.

कडुनिंबाखाली

आपणा सर्वांचे मनापासून आभार. दोन दिवस मी वही मिटून नुसती विचार करीत होते आणि आज सकाळी एका बैठकीत ते प्रकरण लिहून झाले.

वाड्यातला जिना यांनी सुचवलेली दुकानासमोरच्या कडुनिंबाची सावली मी जशीच्या तशी घेतली आहे. तापलेला स्क्रू-ड्रायव्हरही घेतला आहे. त्या दिवसानंतर मृणाल त्याला सावली आणू नकोस असे सांगते, कारण सांगत नाही आणि पुढचे तीन आठवडे दोघांची भेट जवळजवळ होत नाही. काटोलच्या बागेने सांगितलेला ताण तो हाच. तीन आठवडे माझ्या जमिनीला पुरेसे आहेत असे वाटते; पाचव्या आठवड्यापर्यंत नेऊन पाहिले तेव्हा मृणाल मलाच परकी वाटू लागली.

शून्य सावलीबद्दल वाचले आणि मी बराच वेळ खिडकीशी बसून राहिले. मालकाच्या पायाखालची सावली उचलता येत नाही, या एका नियमाने माझा शेवट बदलला. इतकी वर्षे आनंद सावली घेऊन तिच्याकडे गेला. २६ मेच्या दुपारी ती नेता येत नाही. जिला हवी तिने झाडापर्यंत चालत यावे लागते. मृणाल महालातून इतवारीपर्यंत त्या उन्हात चालत येते. रस्ते ओस आहेत, दुकानांची शटरे अर्धी खाली आहेत, तिने डोक्यावरून ओढणी घट्ट गुंडाळली आहे आणि हातातल्या बाटलीत कैरीचे पन्हे आहे. आनंद बुंध्याला टेकून बसला आहे.

अनाम वाचकांचे म्हणणे मी अक्षरशः पाळले आहे. पन्ह्याच्या बाटलीच्या तोंडाला फडके बांधलेले असते, त्याचा दोरा ती सोडते. ती सुरगाठ आहे आणि तिच्यातून सकाळचे तिचे स्वतःशीच बोलणे ऐकू येते : "साखर जास्त झाली काय?" एवढेच. आनंद पन्हे पितो आणि साखर बरोबर आहे म्हणतो. मग ती दोरा बोटाभोवती गुंडाळून घेते, गाठ मारीत नाही आणि जे सांगायचे ते सांगते. ते वाक्य कुठल्याही दोरीत राहणार नाही हे दोघांनाही माहीत आहे, म्हणून आनंद ते तिला पुन्हा एकदा म्हणायला लावतो.

त्यानंतर १७ जुलैचे एक छोटे प्रकरण ठेवले आहे. आभाळ गच्च भरलेले असते, त्यामुळे सूर्य डोक्यावर आला की नाही हे कोणालाच कळत नाही. आनंद कूलरचे भिजलेले गवत काढून गच्चीवर वाळत घालायचा प्रयत्न करतो, पाऊस ते वाळू देत नाही आणि खालून मृणाल हाक मारते, "काहून भिजून राहिलास?"

संत्र्याच्या फुलांचा वास रस्त्यापर्यंत येतो असे आपण लिहिलेत, तो सकाळी जास्त येतो की संध्याकाळी, एवढे काटोलच्या बागेने कृपया सांगावे. जानेवारीचे एक प्रकरण अजून लिहायचे आहे.

काटोलची बाग

पहाटे दव असताना आणि दिवस मावळल्यावर. दुपारी बागेत फक्त मधमाश्यांचा आवाज असतो. आंबिया बहराची फुले जानेवारीच्या शेवटी आणि फेब्रुवारीत असतात, त्यामुळे प्रकरण थोडे पुढे सरकवलेत तर बरे होईल.