इंजिन असलं तरी मजा येतेच

"कानाशी इंजिनाची घरघर असताना उडण्यात कसली मजा?" या प्रश्नावर थोडं. मी साताऱ्याचा, पाचगणीच्या कड्यावरून पॅराग्लायडिंग, म्हणजे कापडी पंखाखाली विनाइंजिन उडायला शिकलो. तिथं दुपारी कातळ तापला की गरम हवेचे झोत विंगला, म्हणजे त्या डोक्यावरच्या पंखाला, नुसते हिसके देतात. मग कुंभार्ली घाट उतरून गुहागरला पॅरामोटर, म्हणजे त्याच विंगखाली पाठीवर बांधायचं पंख्याचं इंजिन, पहिल्यांदा पाठीवर घेतली. वीस-पंचवीस किलोचं ओझं, पण वाळूवर दहा-बारा ढांगा टाकल्या अन् पाय सुटले! समुद्रावरचा वारा इतका एकसारखा, की विंग डोलतसुद्धा नाही. खाली ओल्या वाळूवर आपलीच सावली फेसाच्या रेघेला चिकटून पळते. फक्त पाण्यावर फार आत जाऊ नका, इंजिन बंद पडलं तरी हवेत तरंगत वाळू गाठता आली पाहिजे. ते ओझं पाठीवर घेऊन पोहता येत नाही.