हाउंड डॉग: आयत्या बिळावर नागोबा नक्की कोण?

जुनी_तबकडी
काल रात्री भांडी घासताना हेडफोनवर 'हाउंड डॉग' लागलं आणि ते एल्विस प्रेस्लीचं नव्हतं. विली मे थॉर्नटन उर्फ बिग मामा थॉर्नटन, रेकॉर्डिंग लॉस एंजेलिस, ऑगस्ट 1952. गाणं थेट तिच्या आवाजानेच सुरू होतं, म्हणजे प्रस्तावना वगैरे भानगडच नाही, बाई दार उघडून थेट शिव्याच घालते म्हणा ना. हातातला कुकर तसाच नळाखाली राहिला.

वीस वर्षं मी हे गाणं कुत्र्यावरचं आहे असं समजत होतो. तर कुत्रा नाहीच त्यात. दाराशी हुंगत फिरणारा, बाईच्या जिवावर खाणारा पुरुष आहे, आपल्याकडे ज्याला आयतोबा म्हणतात तो. बाई त्याला सांगते की शेपूट कितीही हलव, आता माझ्याकडे खायला मिळायचं नाही.

1953 मधे हे रिदम अँड ब्लूजच्या, म्हणजे काळ्या लोकांच्या तेव्हाच्या लोकप्रिय संगीताच्या, यादीत सात आठवडे पहिलं होतं. 1956 मधे एल्विसने केलं, ती रेकॉर्ड 11 आठवडे पहिली, आणि आता कुणालाही विचारा, गाणं एल्विसचं. बाईच्या सांगण्याप्रमाणे तिला 500 डॉलरचा एक चेक मिळाला, त्यानंतर एक पैसा नाही. माझं मत विचाराल तर ही चोरी आहे, साधी सरळ. बोला.

सहा_तारा
बोलतो. चोरी कुणाची? गाणं तिचं नव्हतंच हो. लिहिलं जेरी लीबर आणि माइक स्टोलर यांनी, दोघं गोरी ज्यू पोरं, वय वर्षं 19. बँडवाल्या जॉनी ओटिसने त्यांना घरी बोलावलं की माझ्या गायिकेसाठी काहीतरी लिहा, त्यांनी बिग मामाला गाताना ऐकलं, तिचा तो धिप्पाड अवतार बघून उडालेच, आणि परत जाताना गाडीतच लीबरने टपावर ताल धरून शब्द जुळवायला घेतले. पाव तासात गाणं तयार.

एल्विसच्या रेकॉर्डवर या दोघांची नावं आहेत, पैसेही त्यांना मिळाले. मग चोरी कुठे झाली? आणि एल्विसने उचललं तेही तिच्याकडून नाही. 1956 मधे तो लास व्हेगसला कार्यक्रम करत होता तेव्हा तिथे फ्रेडी बेल आणि त्याचे बेलबॉईज हे गाणं विनोदी ढंगात करायचे, ते त्याने ऐकलं आणि तेच घेतलं. एल्विसच्या गाण्यातली 'तू कधी ससा पकडला नाहीस' ही ओळ बेलच्या आवृत्तीतली आहे.

खारी_बिस्किट
सशावर आलात ते बरं झालं कारण माझा सगळा राग त्या सशावरच आहे. मूळ गाण्यात एक बाई स्वतःच्या घराच्या उंबऱ्यावर उभी राहून फुकट्या पुरुषाला हाकलतेय. 1953 मधे एक काळी बाई हे रेकॉर्डवर म्हणतेय, आणि लोक ती रेकॉर्ड विकत घेतायत! बैठकीच्या लावणीतली बाई कशी एखाद्या लाळघोट्याला हसत हसत सुनावते, तोच बाज, फक्त हसणं वजा करा. पुढे तेच गाणं एक पुरुष म्हणतो, आणि कुणाला? तर खऱ्या कुत्र्याला, की तू कधी ससा पकडला नाहीस म्हणून तू माझा मित्र नाहीस. अरे काय संबंध? लीबरलाही ती सशाची ओळ आवडली नव्हती. पैशाचं नंतर बघू, अर्थच चोरीला गेलाय त्याचं काय?

कोथरूडचा_म्हातारा
खारीताई, रागावू नका पण तुमच्या जन्माच्या आधीपासून मी हे गाणं ऐकतोय. माझा थोरला भाऊ बोटीवर होता, त्याने कुठल्याशा बंदरातून 45 ची तबकडी आणली, एका बाजूला हाउंड डॉग आणि दुसऱ्या बाजूला 'डोन्ट बी क्रुएल'. इंग्रजी आम्हाला कुठे येत होतं. तो ड्रमवाला डी. जे. फोंटाना मधेच जे तडतड वाजवतो ना, मशीनगनसारखं, त्यावर आम्ही चाळीच्या गॅलरीत नाचायचो आणि खालून घरमालक ओरडायचे. अर्थ गेला चुलीत.

आणि एल्विसला आयतं मिळालं म्हणणाऱ्यांनी जरा त्याचे हाल पण बघावेत. जून 1956 मधे मिल्टन बर्लच्या टीव्ही कार्यक्रमात त्याने हे गाणं कंबर हलवून केलं, वर्तमानपत्रांनी नुसता धुरळा उडवला. मग 1 जुलैला स्टीव्ह अॅलनच्या कार्यक्रमात त्याला कोटबीट घालून उभा केला आणि समोर एका चौरंगावर खरा बॅसेट जातीचा कुत्रा, त्याच्या डोक्यावर टोपी! त्या कुत्र्याकडे बघून गायचं. पोराने गायलं बिचाऱ्याने. दुसऱ्याच दिवशी न्यूयॉर्कला आरसीए या त्याच्या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत, बाहेर पोरी 'आम्हाला खरा एल्विस पाहिजे' असे फलक घेऊन उभ्या, आणि आत याने 31 वेळा हे गाणं गायलं, स्वतःला पटेपर्यंत. एकतीस! चोर इतकी मेहनत करतो का हो?

जुनी_तबकडी
आजोबा, तुमची आठवण झकास आहे पण घरफोड्यालाही मेहनत असतेच की :) माझा मुद्दा एल्विस आळशी होता असा नाहीच आहे. तो मेहनती होता, गुणी होता, आणि तरीही बीळ दुसऱ्याने खणलेलं होतं.

ह्यूस्टनची_मावशी
मी इथे ह्यूस्टनमधे बरीच वर्षं आहे म्हणून एक भर घालते. थॉर्नटनची रेकॉर्ड काढली ती पीकॉक रेकॉर्ड्सने, ती कंपनी इथलीच, फिफ्थ वॉर्ड नावाच्या काळ्या वस्तीतली, आणि तिचा मालक डॉन रोबी स्वतः काळा होता. नाइट क्लबवाला, दरारा असलेला माणूस. दुसऱ्यांनी लिहिलेली गाणी 'डेड्रिक मलोन' अशा टोपणनावाने स्वतःच्या नावावर लावायचा. बिग मामाला 500 डॉलरवर बोळवलं ते याच्या कंपनीने, एल्विसने नाही. लीबर आणि स्टोलरलाही त्याने 1200 डॉलरचा चेक दिला तो बाउन्स झाला, त्यावर वैतागून त्या पोरांनी स्वतःची कंपनी काढली. तेव्हा गोरे चोर आणि काळे गरीब, इतकं सोपं चित्र रंगवू नका प्लीज, इथले जुने लोक हसतील.

सहा_तारा
मावशी +1. अजून एक घ्या. थॉर्नटनचं गाणं गाजायला लागल्याबरोबर 1953 मधेच मेम्फिसच्या सन रेकॉर्ड्सने 'बेअर कॅट' नावाचं उत्तर काढलं, गायक रुफस थॉमस, तोही काळा. चाल तीच, फक्त पुरुष बाईला उलट बोलतो. रोबीच्या कंपनीने खटला भरला आणि जिंकला. आणि सनचा मालक कोण? सॅम फिलिप्स, ज्याने पुढच्याच वर्षी एल्विसला पहिल्यांदा रेकॉर्ड केलं. म्हणजे उचलाउचली सगळेच करत होते, तो बाजारच तसा होता.

नियमावर_बोट
तुम्ही दोन्ही बाजू एकमेकांच्या अंगावर कुत्रे सोडताय आणि खरा आयतोबा सुटतोय. तो म्हणजे कायदा.

अमेरिकेत तेव्हा गाण्याचा हक्क म्हणजे शब्द आणि चाल यांचा हक्क. एकदा गाणं बाजारात आलं की कुणीही ते परत गाऊन रेकॉर्ड काढावी, ठरलेला दर भरला की झालं, आणि तो दर 1909 पासून एका प्रतीमागे 2 सेंट होता, 1978 पर्यंत तोच! ते 2 सेंट जातात प्रकाशकाला आणि लेखकाला. आधी कुणी कसं गायलं, कुठे गुरगुरली, कुठे ओरडली, याला शून्य. रेकॉर्डिंगला केंद्राच्या कायद्याचं संरक्षणच 1972 मधे आलं. त्यामुळे एल्विसच्या कितीही प्रती खपल्या तरी थॉर्नटनला कायद्याने काहीच देणं लागत नव्हतं. चोरी नाही, बरोबर. पण चोरी नाही ती कायद्याने तिच्या कामाला वस्तूच मानलं नाही म्हणून.

आता गंमत बघा. ती स्वतः सांगायची की मधलं बोलणं, आरोळ्या, ते सगळं माझं आहे. लीबर म्हणायचा, ती गोड गळ्याने आळवत होती, मी सांगितलं गुरगुरून गा, तर ती भडकली की गोऱ्या पोरा तू मला ब्लूज शिकवणार का. खरं कोणाचं ते तुम्ही ठरवा, पण रेकॉर्डवर गुरगुरतंय कोण ते तर ऐकू येतंय ना.

सहा_तारा
हा मुद्दा मान्य, पण त्याचाच अर्थ असा की तिने स्वतः गाणी लिहायला हवी होती. लेखकाला पैसे मिळत होतेच.

खारी_बिस्किट
लिहिलं होतं!! 'बॉल अँड चेन' तिचंच आहे. जॅनिस जॉप्लिनने 1967 मधे माँटेरेच्या महोत्सवात गाऊन लोकांना वेड लावलं ते गाणं. थॉर्नटनने ते आधी एका छोट्या कंपनीसाठी केलं होतं, त्यांनी रेकॉर्ड बाजारात आणलीच नाही पण हक्क मात्र धरून ठेवले, त्यामुळे जॉप्लिनच्या रेकॉर्डचे लेखकाचे पैसेही तिच्या हाती आले नाहीत. गायली तर लेखकाला पैसे, लिहिलं तर कंपनीला. आता सांगा तिने काय करायला हवं होतं, कंपनी काढायला हवी होती?

सहा_तारा
...बरं.

कोथरूडचा_म्हातारा
हे मला ठाऊक नव्हतं. ती बाई पुढे कशी जगली?

नियमावर_बोट
गात राहिली, माउथ ऑर्गन आणि ड्रम दोन्ही वाजवायची, पण दारूने खाल्लं. जुलै 1984 मधे लॉस एंजेलिसच्या एका भाड्याच्या खोलीत गेली, वय 57, ओळखू येणार नाही इतकी वाळलेली. एल्विस 1986 मधे रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमच्या पहिल्याच तुकडीत. ती 2024 मधे.

जुनी_तबकडी
38 वर्षं. ठीक आहे, चोरी हा शब्द मी मागे घेतो, मावशींनी आणि सहा_तारांनी एल्विसपुरतं मला गप्प केलंय. नागोबा कोण यावर मात्र मी अजून ठाम आहे, फक्त नाग एक नव्हता, वारूळ होतं. आजोबा, तुम्ही एक काम करा, आज तिचं ऐका, पण मोबाइलच्या स्पीकरवर नको.

कोथरूडचा_म्हातारा
ऐकलं. नातवाने हेडफोन लावून दिला. दोनदा ऐकलं. नाचता येत नाही यावर, बसून ऐकावं लागतं. शेवटी बँडवाले भुंकतात, घरात सगळे माझ्याकडे बघायला लागले कारण मी मोठ्याने हसलो. पण माझ्या तबकडीला मी काही फेकणार नाही.

आणि मला सांगा, बाईच्या प्रत्येक ओळीला जो गिटारवाला उलट उत्तर देतोय, थोडं चिरकं, उद्धट, तो कोण? अर्धं भांडण तर तोच करतोय.

सहा_तारा
पीट लुइस. गिटार वाजवणारे त्यावर जीव टाकतात. 12 बारांचं आवर्तन (बार म्हणजे चार मात्रांचा गट, एकताल नाही हं, कुणीतरी विचारणारच), आणि प्रत्येक वेळी तो वेगळं काहीतरी बोलतो. ट्रम्पेट-सॅक्सोफोनसारखी वाद्यं अजिबात नाहीत म्हणून तर तो इतका मोकळा ऐकू येतो.

कोथरूडचा_म्हातारा
आणि त्याला किती मिळाले?

नियमावर_बोट
2 सेंटांच्या त्या हिशेबात वादकाचा रकानाच नव्हता, आजोबा.

जुनी_तबकडी
आणि मीही वर त्याचं नाव घेतलं नव्हतं.